समोर तो लिंगाणा

डोळे चोळावेत तर हिरकणीवाडीच्या अनिलने. तुम्ही-आम्ही चोळतो ते झोप उडवायला. हा चोळायचा ते मन लावून, पोटभर. चष्मा कपाळावर सरकवायचा, मुठी वळायच्या आणि बोटांच्या पेरांनी असं रगडायचा की बघणाऱ्याच्या डोळ्यांत पाणी यावं. मग चार वेळा पापण्यांची उघडझाप करून म्हणायचा, "हां, आता बरं वाटलं." महाडच्या बाजारपेठेत माझं चष्म्याचं दुकान आहे. तीस वर्षं लोकांचे डोळे तपासून मी नंबर काढतोय. आणि हे सगळं मी काउंटरमागे उभा राहून बघत होतो, वर हसतही होतो. त्या हसण्याचा आज मला संताप येतो.

अनिलच्या घरी गुरं आहेत. पेंढा रचणं, गवत उपसणं ही लहानपणापासून त्याचीच कामं. त्यात भाताची कुसं, उन्हाळ्यात शेतात पालापाचोळा जाळून राब भाजतात त्याचा धूर आणि राख. त्याच्या डोळ्यांना कायम खाज. वडील लवकर गेले. आई रंगूबाई ताकाचा हंडा घेऊन रोज रायगड चढते आणि तिच्या मागे मागे फिरून हा पोरवयातच गाइड झाला. सतराव्या वर्षी पहिल्या चष्म्यासाठी माझ्याकडे आला. मी नंबर काढला, चष्मा नाकावर बसवला आणि सगळ्यांना म्हणतो तेच त्यालाही म्हणालो, "आता बघ कसं लख्ख दिसतं ते."

आठ महिन्यांनी परत आला. नंबर बदलला होता. पुन्हा वर्षाच्या आत आला, पुन्हा बदलला. नुसता वाढत नव्हता, तिरका होत चालला होता. "काका, रोपवेच्या स्टेशनवरचा एक दिवा मला चार दिसतो," म्हणाला. मी म्हटलं, काच घाणेरडी ठेवतोस. दोन हजार एकवीसच्या पुरात माझं दुकान छतापर्यंत बुडालं, नंबरांच्या वह्या चिखलात गेल्या. पुढे दोन वर्षं मी मनाची समजूत घालत होतो की जुना नंबर ताडून बघायला माझ्याकडे काही नाही. पण जुना चष्मा दर वेळी त्याच्या खिशात असायचा. एकदा मनात आलंही की ह्याला मोठ्या दवाखान्यात पाठवावं. तेवढ्यात दुसरं गिऱ्हाईक आलं आणि ते राहून गेलं. "डोळे चोळू नकोस रे," हे मात्र सांगायचो, लहान पोराला नाकात बोट घालू नको म्हणतात तसं.

गाइड म्हणून तो फार गुणी. घोकलेलं बोलायचा नाही, आपल्याच आळीतली हकिगत सांगावी तसा गड सांगायचा. लोक त्याचं नाव घेऊन चौकशी करत येत. गडाच्या पूर्वेच्या कड्याशी त्याची एक खास लकब होती. दरीकडे पाठ करून पाहुण्यांकडे तोंड करायचं आणि मागे न बघताच हात फेकायचा, "समोर तो लिंगाणा! त्याच्या मागं राजगड आणि तोरणा." हात बरोब्बर सुळक्यावर जायचा. लोक टाळ्या द्यायचे. मागे न बघण्यात ऐट आहे असं सगळ्यांना वाटायचं, मलाही.

गेल्याच्या गेल्या वर्षी सप्टेंबरात मुलीच्या सासरची मंडळी पुण्याहून आली. रोपवेने वर गेलो. गाइड अर्थातच अनिल. कड्यापाशी पोचलो तोवर दरीतून धुकं वर आलं. हाताच्या अंतरावरचं गवतसुद्धा नीट दिसेना. अनिलने दरीकडे पाठ केली, हात मागे फेकला. "समोर तो लिंगाणा!"

"अहो, कुठाय? सगळं पांढरं तर आहे," विहीणबाई म्हणाल्या. मंडळी हसली. त्यांना वाटलं, पोरगा गंमत करतोय. अनिलही हसला, पण क्षणभर उशिरा. "म्हणजे धुकं हटलं की दिसंल," म्हणाला. मग अंदाजाने माझ्या बाजूला तोंड करून हळूच विचारलं, "काका, लय दाट हाय काय?"

त्या मुलाला धुकं पडल्याचं कळलंच नव्हतं. त्याच्यापुढे रोजच धुकं होतं, आणि त्यावर मी काचा विकत होतो.

चार दिवसांत त्याला पुण्याला नेला. डॉक्टर तरुण बाई होत्या. यंत्राला डोळा लावण्याआधीच त्यांनी विचारलं, "डोळे चोळतोस का?" अनिल खाली बघू लागला. त्या चिडल्या नाहीत, त्याला कळेल असं सांगितलं. डोळ्याच्या पुढे एक पारदर्शक पटल असतं, कॉर्निया. चोळून चोळून ते पातळ आणि कमजोर होतं. आतून डोळ्याचा दाब असतोच. मग ते पुढे येतं. "आई भाकरी करते ना? जिथे पापुद्रा पातळ तिथे ती टरारून फुगते, तसं. त्यातून वस्तू सरळ कशी दिसणार?" खाज येण्यात त्याची काही चूक नव्हती, पण ती शमवायला औषध होतं, मुठी नव्हेत. उजव्या डोळ्यावर डाग पडला होता. तिथे आता मेलेल्या माणसाने दान केलेलं पटलच बसवावं लागणार. डावा वाचण्यासारखा होता. थेंब घालून वर विशिष्ट प्रकाश सोडतात, त्याने पटल घट्ट होतं. गेलेली नजर परत येत नाही, असलेली टिकते. "पटलाची जाडी जेमतेम पुरेशी आहे. उशीर करू नका, आणि चोळणं आजपासून बंद." पंधरा दिवसांनंतरची तारीख दिली.

अनिलने तारीख पाळली नाही. "काका, दिवाळीच्या सुट्टीची गर्दी उरकू दे." दिवाळीनंतर शाळांच्या सहली सुरू झाल्या. सहली संपल्या तर शिवजयंती. मग जूनचा राज्याभिषेक, त्या दिवसांत गड सोडून जाणं तर त्याला पापच वाटायचं. मला खरं कारण कळत होतं. महिनाभर खाली बसलो तर लोक विचारणार, काय झालं. आणि आंधळ्या गाइडला कोण बोलावणार? मी फोनवर ओरडायचो, तो हो हो म्हणायचा. पण गाडी काढून त्याला उचलून न्यायला मी गेलो नाही. तेवढं माझ्याही हातून झालं नाही. खाजेच्या थेंबांची बाटली संपली ती संपलीच. पेंढा होताच, राब होता, मुठी होत्या.

गेल्या वर्षी जुलैत गेलो. डॉक्टरांनी दोनदा मोजलं. पटल आता फारच पातळ झालं होतं, तो उपचार त्याला सोसणार नव्हता. डावाही डोळा उजव्याच्या रांगेत गेला. दान आलेल्या पटलांची वाट बघणाऱ्यांच्या यादीत त्याचं नाव दोन्ही डोळ्यांसाठी लागलं. निघताना बाई म्हणाल्या, "नवीन पटल बसवल्यावरही हा चोळत राहिला तर तेही जाईल. ही सवय त्याआधी सुटली पाहिजे."

परवा नोव्हेंबरातल्या स्वच्छ सकाळी मी एकटाच गडावर गेलो. रंगूबाईने ताकाची जागा आता कड्याजवळ हलवली आहे. अनिल पाच-सहा जणांना घेऊन आला. पायऱ्या त्याला पाठ आहेत, चालण्यात काही कळत नाही. तो जवळ येताच ती गिऱ्हाइकाला हाक मारावी तशी ओरडली, "आज हाय रे, आज हाय!" लोकांना वाटलं, ताक. धुकं असेल तेव्हा ती "आज नाय" म्हणते, हे तिनेच मला नंतर सांगितलं.

अनिलने दरीकडे पाठ केली, हात मागे फेकला. "समोर तो लिंगाणा!" लिंगाणा खरोखरच समोर उभा होता, उन्हात. लोकांनी फोटो काढले आणि ते पुढे गेले.

तो आईशेजारी येऊन दगडावर बसला. चष्मा कपाळावर सरकला, मूठ वळली आणि डोळ्याकडे निघाली. रंगूबाईने ताकाचा पेला खाली टाकून त्याचं मनगट धरलं.

"सोड गो आये," तो म्हणाला. "आता काय राह्यलंय त्यात जपण्यासारखं?"

"येनाराय ना कुनाचा तरी डोळा," ती म्हणाली. "त्याच्यासाठी."

तो जोर लावून हात ओढत होता. ती साठीची बाई, दोन्ही हातांनी लटकली होती. सांडलेलं ताक तिच्या पायांखालून वाहत होतं. मी उठलो आणि त्याचा दुसरा हात धरला.