पाटीवरचा तीन आणि नकाशातला तीन

अकरा वर्षं मी दुसऱ्याचा फ्लॅट भाड्यानं देत होतो. ज्या बाईंचा तो फ्लॅट होता, त्या माझ्या फ्लॅटमध्ये राहत होत्या. दोघांनाही पत्ता नव्हता. यात बिल्डरची चूक नव्हती, कुठल्या कचेरीचीही नव्हती. ती मी केली होती. एका रविवारी, हातोडी आणि खिळे घेऊन, मोठ्या हौसेनं.

हे बाहेर आलं बँकेच्या व्हॅल्युअरमुळं. कुणी कर्ज काढून घर घेत असेल, तर बँक आधी आपला माणूस पाठवते. तो घर मोजतो, कागद आणि घर जुळतात का बघतो, आणि किंमत ठरवतो. त्याला व्हॅल्युअर म्हणतात. आमच्याकडे शेख नावाचे आले होते. वयानं तरुण, बोलायला मऊ.

घर विकत होत्या साळवेबाई. निवृत्त शिक्षिका, माझ्या फ्लॅटच्या समोरच्या दारात राहायच्या. गुडघे गेले होते आणि आमच्या इमारतीला लिफ्ट नाही. त्यांनी राहात्याला बहिणीशेजारी तळमजल्यावरचं घर ठरवलं होतं, इसारही दिला होता. महिनाअखेरपर्यंत इथला फ्लॅट विकला गेला नाही, तर तिथलं घर जाणार होतं. संगमनेरात हल्ली जागेचे भाव असे आहेत, की तळमजल्यावरचं दुसरं घर या पैशात मिळणं अवघड.

मी निवृत्तीनंतर हाच उद्योग करतो. माझे दोन फ्लॅट आहेत आणि पुण्याला गेलेल्या लोकांचे पाच सांभाळतो. भाडेकरू बघायचे, अकरा महिन्यांचा लिव्ह अँड लायसन्स करार करायचा, पोलीस ठाण्यात त्यांची माहिती द्यायची, नळ गळला की प्लंबर शोधायचा. म्हणून बाई म्हणाल्या, "नवलेसाहेब, तो माणूस येईल तेव्हा तुम्ही थांबा. तुम्हाला यातलं कळतं."

थांबलो.

शेखसरांनी बाईंचं घर मोजलं, बाहेर आले, दारावरची पाटी बघितली, हातातला नकाशा बघितला, पुन्हा पाटी बघितली.

"हा तीन नंबर आहे," ते म्हणाले.

"चार. पाटीवर लिहिलंय."

"नकाशात तीन आहे, सर. बाईंचा दस्त चार नंबरचा आहे. म्हणजे त्यांचा फ्लॅट समोरचा."

"समोरचा माझा आहे. तिथं माझे भाडेकरू राहतात."

"असतील. पण तो चार आहे."

मी हसलो. खोटं कशाला बोलू, जरा तुच्छतेनंच हसलो. "शेखसाहेब, मी एकतीस वर्षं बांधकाम खात्यात ओव्हरसियर होतो. नकाशे बघूनच पोट भरलंय."

"बरं सर. मग उत्तर दिशा कुठंय सांगा."

मी कागदाच्या वरच्या कडेवर बोट ठेवलं. "उत्तर वरच असते."

"नकाशात जिनाही वरच आहे. म्हणजे तुमच्या हिशेबानं जिना उत्तरेला. मग या जिन्यात भर दुपारी एवढं ऊन कुठून येतंय?"

मी जिन्यात बघितलं. ऊन होतं. नाकासमोर होतं. अकरा वर्षं त्याच उन्हातून चढत-उतरत होतो.

मी कागद उलटा धरला, तर तीन नंबर बाईंच्या दाराकडे गेला. सुलटा धरला, तर माझ्या दाराकडे आला. मग कागद स्थिर ठेवून मी स्वतः फिरलो. तेवढ्यात माझा भाडेकरू अमोल दार उघडून बाहेर आला, त्यानं मला जागच्या जागी गिरक्या घेताना बघितलं आणि विचारलं, "काका, चक्कर येतेय का? पाणी आणू?"

"आण," मी म्हणालो.

शेखसरांनी कागदाचा कोपरा दाखवला. तिथं उत्तरेचा बाण होता आणि त्याचं टोक खाली होतं. नकाशा काढणाऱ्यानं आपल्या सोयीनं इमारत उलटी काढली होती. तो त्याचा हक्क. बाण बघणं हे माझं काम.

आता आठवलं. बिल्डरनं बिननंबरी किल्ल्यांचा जुडगा दिला होता आणि दारांनाही नंबर लावायचे राहिले होते. सगळे म्हणाले, "नवलेसाहेब टेक्निकल माणूस आहेत, ते लावतील." मी नकाशाची झेरॉक्स पसरली, चहा मागवला, कपबशी कोपऱ्यावर ठेवली आणि डावीकडचा तीन म्हणजे पश्चिमेचा असं समजून पाट्या ठोकल्या. मग पाटी बघून जो तो आपापल्या घरात गेला. बाण बशीखाली राहिला.

पाट्या तिन्ही मजल्यांवर उलट्या होत्या. वाचलो ते एवढ्यावर, की पहिल्या मजल्यावरचे दोन्ही फ्लॅट एकाच डॉक्टरांचे आणि तिसऱ्यावरचे दोन्ही दोघा भावांच्या सामाईक नावावर. वेगवेगळे मालक आमच्याच मजल्यावर, मी आणि साळवेबाई.

अमोलच्या आधी सहा कुटुंबं माझ्याकडे राहून गेली. सगळ्यांच्या करारात मी ठळक अक्षरात 'फ्लॅट क्रमांक तीन' लिहिलं होतं. म्हणजे कागदावर माझी सात बिऱ्हाडं साळवेबाईंच्या स्वयंपाकघरात नांदली होती. बाईंना हे सांगितलं तर त्या म्हणाल्या, "एकानंही कधी भांडी घासली नाहीत."

दुसऱ्या दिवशी आम्ही वकिलांकडे गेलो. ते म्हणाले, "दोन रस्ते आहेत. एक, माणसं बदला. बाई समोर जातील, भाडेकरू इकडे येतील. आठ फुटांचा प्रवास, खर्च शून्य. दोन, कागद बदला. अदलाबदलीचा दस्त करा, नोंदवा. त्याला स्टॅम्प ड्युटी लागेल."

मला पहिला रस्ता पटला. तो स्वस्त होता हे एक कारण, आणि दुसरं सांगायला आजही कसंतरी होतं. बाईंचा फ्लॅट पूर्वेचा. सकाळी ऊन, खिडकीतून उसाचं शेत. माझा पश्चिमेचा. दुपारी भिंत तव्यासारखी तापते आणि खिडकीसमोर शेजारच्या इमारतीचे संडासाचे पाइप. पश्चिमेच्या फ्लॅटला मी दर वर्षी भाडं वाढवून मागायचो आणि भाडेकरू मला ती भिंत दाखवायचे. आता कागद म्हणत होता, पूर्वेचा माझा. मी कोण कागदाला नाही म्हणणारा?

संध्याकाळी घर घेणारे दिघे आले, सोबत आईला घेऊन. मी त्यांना समोरचा फ्लॅट दाखवला. "तसाच आहे. खोल्या त्याच, मापं तीच."

आजींनी भिंतीला हात लावला आणि काढून घेतला.

"ह्यो न्हाई बघितला आमी."

"आजी, कागदावर हाच आहे."

"कागदात राहायचंय व्हय मला? मावळतीची खोली नगं. दुपारचं मानूस भाजून निघन हितं." मग लेकाकडे वळून म्हणाल्या, "त्यो उन्हाचा दे, न्हाईतर ऱ्हाऊ दे. चल."

दिघे संकोचून म्हणाले, "साहेब, आईसाठीच घेतोय. तो नसेल तर आमचं राहू द्या."

साळवेबाई दारात खुर्ची टाकून बसल्या होत्या. त्यांनी राहात्याला बहिणीला फोन लावला आणि म्हणाल्या, "त्या मालकांना चार दिवस थांबायला सांग गं. इथं जरा गोंधळ झालाय." कुणी केला, ते सांगितलं नाही.

घरी येऊन मी बायकोला सगळं सविस्तर समजावलं. नकाशा, बाण, माझा कायदेशीर हक्क. तिनं शांतपणे ऐकून घेतलं.

"पाट्या कुणी लावल्या?"

"मी."

"बाईंनी घर बघून घेतलं होतं की पाटी बघून?"

"पाटी बघून. पण राहिल्या, रंग दिला, ओटा नवा केला..."

"तुमच्या घराचा ओटा त्यांनी केला?"

"कागदावर बघितलं तर, हो."

"मग कागद बदला. आणि खर्च तुमचा. उद्याच जा."

"अगं, पूर्वेच्या फ्लॅटला भाडं..."

"अहो, गुडघे धरून बसलीय ती बाई. तुम्हाला झोप येणार आहे का?"

झोप आली असती, हे मी तिला सांगितलं नाही. पण सकाळी गेलो. अदलाबदलीचा दस्त झाला. तीन नंबर बाईंचा, चार नंबर माझा. स्टॅम्प ड्युटी मी भरली. नंतर पाट्याही काढून योग्य दारांवर लागल्या. त्या मी लावल्या नाहीत, सुतार बोलावला. शेखसर पुन्हा आले, दोन्ही दारं बघितली आणि पाच मिनिटांत रिपोर्ट दिला. दिघ्यांचं कर्ज महिना संपायच्या दोन दिवस आधी मंजूर झालं. बाई राहात्याला गेल्या. आता त्यांच्या दारापुढे एकच पायरी आहे.

तापलेली भिंत माझ्याकडेच राहिली. आता ती कायदेशीर आहे.

घर भाड्यानं देणाऱ्यांना एवढंच सांगतो. करारात फ्लॅटचा नंबर लिहिण्याआधी मंजूर नकाशा काढा, बाण शोधा, आणि त्या दारात जाऊन उभे राहा. शेजारी सांगतात, पाटी सांगते, बिलं सांगतात, हे सगळं एकाच चुकलेल्या माणसानं सांगितलेलं असू शकतं.

नोंदणी कचेरीत बाईंच्या विक्रीच्या दस्ताला ओळख पटवणारा साक्षीदार म्हणून मीच गेलो होतो. खिडकीपलीकडच्या कारकुनानं कागद चाळले. "परवाचा अदलाबदल दस्त तुमचाच ना? कशाला करावा लागला तो?"

मी थोडक्यात सांगितलं. त्यानं मान हलवली आणि पेन उचललं.

"व्यवसाय?"

"निवृत्त. बांधकाम खातं, ओव्हरसियर."

पेन थांबलं. "पूलबिल बांधलेत का कुठं?"

"चार," मी जरा ताठ होत म्हणालो.

"कुठले ते सांगून ठेवा साहेब," तो म्हणाला. "आम्ही लांबनं जाऊ."