सलूनच्या खुर्चीतली झोप

गल्लीच्या तोंडाशी सलून आणि सलूनमध्ये पैलवान. आखाड्याची माती त्यानं कधी पायाला लावली नव्हती. अंगकाठी बघून गिऱ्हाइकांनीच नाव ठेवलेलं. हात मात्र इतका हलका, की दाढी करून घेता घेता माणसाला डुलकी लागावी. झोप नव्हती ती त्यालाच.

वजन उतरावं म्हणून आधी त्याच्या जठरावर पट्टा बसवला, तो घसरला. मग तो काढला आणि जठर कापून नळीएवढं अरुंद केलं, तर आडवं होताच घशाशी आंबट पाणी यायला लागलं. आगीतून फुफाट्यात! भाकरीचा घास अडकायचा. सुखानं उतरायचं ते आइस्क्रीम आणि चहात बुडवलेलं बिस्किट. त्यावर गेलेलं वजन परत आलं, येताना सोबतीला आणखी घेऊन आलं.

"दोन-दोन ऑपरेशनं झाली, तरी याच्या तोंडाला आवर नाही," असं ताई भेटेल त्याला ऐकवायची. आईमागे तिनंच त्याला वाढवलेलं, तेव्हा तिच्यापुढे बोलायची कुणाची टाप नव्हती. पैलवानालाही ते खरंच वाटायचं. घरी पलंगावर ठसका लागतो हे सांगायची लाज, म्हणून "आज उशीर होईल" म्हणायचं, शटर ओढायचं आणि दाढीच्या खुर्चीची पाठ थोडी कलती करून बसल्या बसल्या डोळे मिटायचे. बायकोला वाटलं, हे आपल्यावर रुसलेत. एका सकाळी ती भांडायच्या तयारीनंच गेली. बघते तर नवरा खुर्चीत, गळ्याभोवती गिऱ्हाइकाचा टॉवेल, आणि झोपेतही खोकतोय. ती भांडण विसरली आणि त्याला दुसऱ्या डॉक्टरीणबाईंकडे घेऊन गेली.

बाईंनी घशातून दुर्बीण घातली आणि नंतर पडद्यावर दाखवलं. नळी मधेच पिळली होती, वरचं टोक छातीत सरकलं होतं.

"यातून घास जाणार कसा? चूक तुमची नाही."

पैलवान ढसाढसा रडला. मग नाक पुसत म्हणाला, "बाई, हे जरा माझ्या ताईला सांगाल?" बाईंनी तिथूनच ताईला फोन लावून सगळं सांगितलं, खुर्चीतल्या झोपेसकट.

तिसऱ्या ऑपरेशनला तो राजी होईना. दुधानं तोंड पोळलेला माणूस ताकही फुंकून पितो, इथं तर दोनदा पोळलेलं. बाईंनीही गोड बोलून फसवलं नाही. दुरुस्तीचं काम पहिल्यापेक्षा अवघड, धोका जास्त, असं स्वच्छ सांगितलं. जठराचा वरचा लहानसा भाग थेट पुढच्या आतड्याला जोडायचा होता.

"मला बारीक नाही व्हायचं," तो बायकोला म्हणाला, "मला नुसतं आडवं व्हायचंय गं."

ऑपरेशन पार पडलं. घरी आल्यावरही बरेच दिवस तो उशांचा डोंगर रचून त्याला टेकून बसायचा, भीतीच जाईना. एका दुपारी जेवण झालं, बऱ्याच वेळानं त्यानं एक उशी काढली. मग दुसरी. मग सगळ्याच. बायको दारात श्वास रोखून उभी. ठसका आला नाही. थोड्या वेळानं घोरणं मात्र सुरू झालं, असं दणदणीत की खिडकीची तावदानं थरथरली. याच घोरण्यापायी तिनं एकेकाळी माहेरी जायची धमकी दिली होती.

तिनं ताईंना फोन लावला आणि काही न बोलता पलंगाजवळ धरला.

"अगं, कसला हा आवाज?"

"तुमचा भाऊ झोपलाय, ताई. पाठ टेकून."

 ताई म्हणाली, "फोन ठेवू नकोस. ऐकू दे मला."