क्रीडांगणावरच्या काचा

कोल्हापुरात आमच्या घरामागं झोपडपट्टीला लागून एक मैदान आहे. 'क्रीडांगण' एवढी पाटी आणि दोन गोलपोस्ट, बाकी बोंब. तिथं रोज सकाळी एक बाई वाकून बाटल्यांच्या काचा वेचत असते, कारण वस्तीतली पोरं अनवाणीच फुटबॉल खेळतात. वेचून झालं की ती चपला काढते आणि अख्खं मैदान स्वतः अनवाणी चालून बघते. पायाला काही टोचलं नाही, तरच पोरांना आत सोडते.

एकदा मी चिडून विचारलं, "मावशी, रोज रात्री इथं बाटल्या फोडणारे हे आहेत तरी कोण?"

"हितंच खेळलेली पोरं हायती की," ती मान वर न करता म्हणाली. "ल्हान हुती तवा त्यांच्यासाठीबी काचा म्याच येचल्यात."