पाचही तीर डावीकडे

वाचनालयाचा हा फळा वाचणाऱ्यांनो, आज सकाळी माझी चांगलीच जिरली.

शाळेमागच्या ज्वारीत रानडुकरं शिरतात, म्हणून शेजारच्या भिल्ल नानांनी मला नवं धनुष्य करून दिलं. सरावाला बांधावर एक गोवरी उभी केली. एक तीर चुकला की मी लगेच नेम बदलायचो, म्हणून तीर कुठेही जायचे. नाना ओरडले, "मास्तर, नेम बदलू नका!"

मग पाचही तीर गोवरीच्या वीतभर डावीकडे रुतले. मी ओशाळलो, नाना मात्र खूश, की सगळे एकाच जागी लागले, म्हणजे माझा हात बसला. "बठ्ठा एकच जागे लागनात. हात बसना तुमना! आते नेम वीतभर उजवीकडे धरा."

सहाव्या तिरानं गोवरी फुटली.

एकाच जागी चुकणाऱ्या पोरांना मी आजवर 'ढ' म्हणत आलो. त्यांचा नेम कुठे वीतभर सरकवायचा ते बघायला उद्या त्यांच्या वह्या पुन्हा उघडणार आहे. तुमच्या घरी असं कुणी आहे का?