अक्कांच्या वाट्यातला टॉवर

अक्का कुणाच्याही घरी गेल्या की चहापाणी नंतर. आधी अंगणात दोरीवर वाळणाऱ्या कपड्यांवरून बोट फिरवायच्या आणि ते उजेडात धरून बघायच्या. "लय नशीबवान हाईस बाई," म्हणायच्या. घरधनिणीला काही कळायचं नाही. झरीला माहेरी धाकट्या भावाकडे गेल्या तरी तेच. भाऊ हसायचा, "आली बोटवाली!"

आम्हाला कळायचं. परभणीत अक्कांचं घर, त्यांचा ओतकामाचा कारखाना आणि आमचं लेथचं दुकान एकाच भिंतीला. त्यांच्या कोळशाच्या भट्टीनं आमचे सदरे संध्याकाळपर्यंत राखाडी व्हायचे. गंगाखेडकडच्या साखर कारखान्याला लागणारे लोखंडी भाग त्या ओतून द्यायच्या. नवरा त्याच धुरात खोकून खोकून गेला, तेव्हापासून बाईंचा एकच ध्यास: कोळसा बंद करायचा, विजेची भट्टी लावायची.

आणि भट्टी आणलीही, वीज मिळायच्या आधी! मी म्हणालो, "अक्का, बाजारात तुरी!" तर मलाच झापलं, "गप रे. गोठा आधी बांधावा लागतो, म्हैस मागून येती."

म्हैस काही येईना. लोखंड वितळवायचं म्हणजे पंचक्रोशीतल्या विहिरींवरच्या साऱ्या मोटारी एकदम चालवण्याइतकी वीज. सबस्टेशनवाल्यांनी हात जोडले. अक्का म्हणायच्या, "खांब हायत, तारा हायत, दम न्हाई." मोठी लाइन आली तरच जमणार होतं. तोवर नवी भट्टी थंड. दर खंडेनवमीला अक्का तिला हळदकुंकू वाहायच्या आणि शेजारी जुनी धूर ओकत असायची.

अखेर लाइन मंजूर झाली आणि तिचा एक टॉवर नेमका अक्कांच्या माहेरच्या शेतात आला. भाऊ आडवा आला. "तुझ्या भट्टीपायी माझ्या रानात भूत उभं करायलीस का?"

आमच्याकडे रीत अशी, की बहिणीनं शेतातला हक्क सोडायचा आणि भावानं साडीचोळी करायची. अक्कांनी हक्क सोडला नव्हता, पण कधी मागितलाही नव्हता. त्या दिवशी मागितला. "माझा वाटा तिथंच दे. भूत माझ्या रानात राहू दे."

भावानं दिला. "आता माहेर विसर," हेही सुनावलं.

लाइन आली, नवी भट्टी तापली, जुनी कायमची विझली. अक्कांनी हौसेनं पांढरीशुभ्र साडी घेतली. आम्ही पेढे वाटले. पण भाऊबीजेला त्या ओवाळणीचं ताट करून, पाट मांडून दाराकडे बघत बसल्या. "येईल की. रागीट हाय, पण माझाच हाय." तो आला नाही. पुढच्या वर्षीही नाही. मेल्याचा असा संताप यायचा मला!

आला तो अक्का गेल्यावर, दहाव्याला. सरळ अंगणात गेला. अक्कांच्या सुनेनं त्यांची ती पांढरी साडी धुऊन दोरीवर टाकली होती. त्यानं तिच्यावरून बोट फिरवलं, उजेडात धरलं. पुन्हा फिरवलं.

"कायीच लागंना की रे," मला म्हणाला, आणि तिथंच साडीखाली मटकन बसला.