एक पावसाळा कुंडीत

पुतणी मेधाचा फोन आला तेव्हा मी बदलापूरला, आमच्या इमारतीच्या मागच्या दारी उकिडवा बसून नेच्याचे नवे कोंब मोजत होतो. तीन सापडले होते. चौथा कोंब आहे की वाळकी काडी, ते चष्मा पुसून पाहत होतो. "काका, आई गेली," ती म्हणाली. वहिनी तपासणीसाठी दोन दिवस अंबरनाथला तिच्याकडे गेल्या होत्या. सकाळी चहा मागितला आणि तो यायच्या आत... मला आधी रडू आलं नाही. आधी मनात आलं, हे तीन कोंब आता सांगायचे कोणाला. याची लाज मला अजून वाटते.

दादा गेल्यावर वहिनी तळमजल्याच्या घरात एकट्याच राहत. मी एकटा माणूस, शेजारच्या ब्लॉकमध्ये. त्यांच्या मागच्या दाराशी, इमारत आणि कंपाउंडची भिंत यांच्या मधे, ऊन कधीच न येणारी एक चिंचोळी पट्टी आहे. तिथे त्यांनी चामटोलीच्या माहेरच्या विहिरीतून आणलेले नेचे लावले होते. काळ्या, केसासारख्या देठांचा हंसराज आणि त्याच्या मागे उंच पानांचे दुसरे. पुढे ती विहीर बुजवून तिथे बंगले झाले. म्हणजे विहिरीचं जे काही उरलं होतं ते या पट्टीत.

नेच्यांना शेजार निवडताना वहिनी मुलीसाठी स्थळ पाहावं तशा चिकित्सक होत. सावलीत जगतं एवढं त्यांना पुरत नसे. मुळं वरवरची हवीत, पान नेच्याच्या डोक्यावर यायला नको, आणि वाढ बेताची हवी. कोणतंही नवं रोप आणलं की एक पावसाळाभर ते कुंडीत, नेच्यांच्या शेजारी. वागणूक पाहायची आणि मग जमिनीत. बिगोनिया पास झाला. भुईचाफा तर लाडका, कारण उन्हाळ्यात नेचे मरगळले की हा जमिनीतून फूल काढी. मनी प्लांट नापास होऊन माझ्या खिडकीत आला. "तुमच्याकडे खपेल, भाऊजी," त्या म्हणाल्या होत्या.

होळीनंतर वहिनी मोरीत पडल्या. खुब्याचं ऑपरेशन झालं आणि त्या तीन महिने मेधाकडे राहिल्या. पट्टी माझ्यावर आली. मी जन्मभर एमआयडीसीत सुपरवायझर, रिकामी जागा दिसली की माझा हात शिवशिवतो. ओल आहे, सावली आहे आणि अळू नाही, हे मला बघवेना. कुंडी वगैरे भानगडीत न पडता चार कंद थेट नेच्यांच्या मधे खोचले आणि धुण्याचं पाणी सोडत राहिलो. जूनपर्यंत पानं सुपाएवढी झाली. खाली हंसराज दिसेनासा झाला होता.

वहिनींचा रोज संध्याकाळी फोन. "नेचे काय म्हणतायत?" "उत्तम." पहिल्यांदा ते खरं होतं. नंतर नेचे अळूखाली गेले, तरी तोंडातून उत्तमच निघायचं. एकदा मेधाच्या नवऱ्याबरोबर मी अळूवड्या पाठवल्या, का पाठवल्या देव जाणे. त्या संध्याकाळी त्यांनी नेच्यांचं विचारलंच नाही.

"अळू कुठलं, भाऊजी?"

"बाजारातलं."

"इतकं कोवळं मिळतं होय हल्ली?" आणि मग म्हणाल्या, "उद्या मला घरी न्यायला या."

मी दिवेलागणीपर्यंत अळू उपटत होतो. खालून निघालेला हंसराज पिवळा, अर्धा कुजलेला. दुसऱ्या दिवशी वहिनींना खुर्चीवर मागच्या दारात बसवलं. त्या पाहत राहिल्या. मातीतले खड्डे ताजे होते, माझी नखं काळी होती.

"अळू आपोआप आलं वाटतं," मीच म्हणालो. माझं वय अडुसष्ट.

वहिनींनी माझ्या हातांकडे पाहिलं. "आपोआप आलं असेल तर त्याचा काय दोष," त्या म्हणाल्या. "एक कंद कुंडीत लावा. सगळ्यांना देतो तशी त्यालाही संधी देऊ." मी लावला. त्यानंतर तीन आठवडे त्या रोज त्या दारात बसत. रोज वाटायचं, आज सांगू. हंसराजाला एक कोंब आला की सांगू, म्हणजे निदान सोबत काहीतरी चांगलं असेल. कोंब आले, पण त्या अंबरनाथला गेल्यावर.

आता पाऊस सरला आहे. परवा मेधा घर आवरायला आली होती. हंसराजाची पानं ओंजळभर झाली आहेत. अळूची कुंडीही भरून आली होती. "हे आता जमिनीत लावायचं ना, काका?" तिने विचारलं. मी कुंडी हलवली, तर बुडाच्या भोकातून एक पांढरा धुमारा निघून वीतभर नेच्यांकडे सरकला होता. मी तो तोडला आणि कुंडी उचलून पुढच्या अंगणात, नळाजवळ नेऊन ठेवली.

परत आलो तेव्हा मेधा आत होती आणि मागचं दार उघडं होतं. "वहिनी, ते अळू मी लावलं होतं," मी म्हणालो. आतून मेधा म्हणाली, "आईला माहीत होतं, काका. तुम्ही सांगाल म्हणून ती थांबली होती."