देवडीची पाटी

तापीकाठच्या एका जुन्या गढीत हॉटेल होणार होतं आणि तिथल्या पाट्या लिहायचं काम माझ्याकडे होतं. गढीच्या भागांसाठी मला शाळेत शिकलेले इंग्रजी शब्द येत होते. मराठी शब्द तिथल्या म्हाताऱ्या पहारेकऱ्याला विचारावेत हे सुचायला मला दोन दिवस लागले. ते बोट दाखवून एकेक सांगत गेले: दरवाजामागचा अडसर, मोठ्या दरवाजातली छोटी दिंडी, भिंतीतल्या बंदुकीच्या जंग्या. दरवाजाच्या आतल्या ओट्यापाशी आल्यावर मात्र ते त्यावर बसलेच.

"हाई देवडी. पहारेकरीनी बसानी जागा. मालक आठे, हाई ओटावर, काउंटर ठेवणार शे. तू पाटी लिखी टाक माय, मंग तो ठेवाव नही."

मी ती पाटी सगळ्यात आधी लिहिली. काउंटर अंगणात गेलं.

आता पाहुणे पाटीचा फोटो काढताना ओट्यावर बसलेल्या म्हाताऱ्या पहारेकऱ्यांना बाजूला व्हायला सांगतात. ते उठतात, फोटो झाला का विचारतात आणि परत बसतात.